गर्भाशयमुखाच्या पूर्वतपासणीतील अस्वाभाविक निष्कर्ष : त्यांचा अर्थ व कारणे
(मोखाडा-जव्हार भागाच्या संदर्भात)

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा मंदगतीने वाढणारा रोग आहे. त्याची पूर्वावस्था अनेक वर्षे टिकते, त्या अवस्थेत तो ओळखता येतो, आणि ओळखल्यास अल्पशा उपचाराने निपटताही येतो. कर्करोगाच्या अन्य प्रकारांत क्वचितच आढळणारी ही सवलत असूनही, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. जो रोग टाळता येतो त्याने एवढे मृत्यू व्हावेत, याचे मुख्य कारण तपासणीचा अभाव हे होय. परंतु तेवढेच एक कारण नव्हे. तपासणी होऊनही तिच्या निष्कर्षाचा अर्थ न समजणे, किंवा विपरीत समजणे, हेही एक कारण आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

हा विचार मोखाडा व जव्हार या तालुक्यांच्या संदर्भात करण्याचे प्रयोजन उघड आहे. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस, नाशिक जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेला हा सह्याद्रीच्या उतारावरील डोंगराळ प्रदेश. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची येथे वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३,००० भरली, आणि तीत नऊ दशांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. नागली, वरई व भात ही येथील खरिपाची पिके. ती हाती आली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंस वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. परंतु पेशींचे वा ऊतींचे सूक्ष्म परीक्षण आणि पुढील विशेष उपचार यांसाठी सामान्यतः नाशिक, ठाणे किंवा मुंबईकडे पाहावे लागते. अशा प्रदेशात ‘तपासणीत काहीतरी निघाले’ एवढाच निरोप एखाद्या पाड्यावर पोचला, तर त्याचे परिणाम काय होतील हे त्या निरोपाच्या स्पष्टीकरणावर अवलंबून राहते.

तपासणी म्हणजे निदान नव्हे

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पूर्वतपासणी ही ज्यांना कोणताही त्रास नाही अशा स्त्रियांची केली जाते. निदान हे त्यापुढील पायरीवर होते. पूर्वतपासणीचे कार्य चाळणीचे आहे. खळ्यावरची नागली चाळताना चाळणीवर जे उरते ते सगळेच खडे नसतात. त्यात फोल असते, काडी असते, एखादा जाड दाणाही असतो. चाळणीने निवडायचे काम सोपे केले, एवढाच त्याचा अर्थ. त्याचप्रमाणे तपासणीचा निष्कर्ष अस्वाभाविक आला म्हणजे ‘येथे अधिक लक्ष देऊन पाहणे आवश्यक आहे’ एवढेच ठरते. कर्करोग आहे असे ठरत नाही. नाही असेही ठरत नाही.

याच न्यायाने हेही लक्षात घेतले पाहिजे की, ज्या स्त्रीस संबंधानंतर रक्त जाते, पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होतो, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सतत जात राहतो, तिच्यासाठी चाळणी हा उपाय नव्हे. तिला सरळ वैद्यकीय परीक्षणाची गरज असते, आणि पूर्वी कधी चाचणी निर्दोष आली होती या सबबीवर ते पुढे ढकलणे धोक्याचे असते.

परिवर्तनाचा पट्टा

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनीत उघडतो. त्यास गर्भाशयमुख म्हणतात. बोलीत ‘पिशवीचे तोंड’ म्हणतात तो हाच भाग. त्याच्या बाहेरील पृष्ठावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, आणि आतील नलिकेस उभ्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींचे एकेरी अस्तर असते. या दोन अस्तरांची सीमारेषा आयुष्यभर एकाच जागी राहत नाही. वयात येताना व गरोदरपणात उभ्या पेशींचा भाग बाहेरच्या बाजूस सरकतो, आणि योनीतील आम्लधर्मी वातावरणात त्यांच्या जागी हळूहळू चपट्या पेशी तयार होतात. या स्वाभाविक स्थित्यंतराच्या पट्ट्यास परिवर्तनाचा पट्टा असे म्हणता येईल. गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग याच पट्ट्यात उद्भवतात. आणि ज्यांत काहीही रोग नसतो असे पुष्कळसे अस्वाभाविक निष्कर्षही याच पट्ट्यातून येतात. जेथे पेशी सतत बदलत असतात तेथे स्वाभाविक बदल आणि रोगट बदल यांची निवड कठीण व्हावी, हे ओघानेच आले.

चाचण्यांचे तीन प्रकार

आज प्रचारात असलेल्या चाचण्या तीन. पहिली पेशीपरीक्षणाची. ग्रीक वंशाचे वैद्य जॉर्ज पापनिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये तिची कल्पना मांडली, आणि १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथामुळे ती सर्वमान्य झाली. परिवर्तनाच्या पट्ट्यावरून खरवडलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पॅप चाचणी पेशींचे रूप पाहते.

दुसरी चाचणी नुसत्या डोळ्यांनी करण्याची. गर्भाशयमुखास तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे साध्या शिरक्याच्या तीव्रतेचे द्रावण, लावून सुमारे एक मिनिट थांबतात. ज्या पेशींत केंद्रक मोठे व प्रथिने दाट असतात तो भाग तात्पुरता पांढरा दिसू लागतो. या चाचणीस प्रयोगशाळा लागत नाही आणि निष्कर्ष तेथल्या तेथे कळतो. २०१६ मध्ये केंद्र शासनाने असंसर्गजन्य रोगांसाठी जो आराखडा केला, त्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच चाचणी सुचविली आहे.

तिसरी चाचणी कारणाचाच शोध घेते. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या काही जाती दीर्घकाळ शरीरात टिकून राहिल्या, तर त्यांमुळे हा कर्करोग होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये या विषाणूची १६ क्रमांकाची आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाची जात वेगळी काढली. या कार्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन जातींकडे मिळून सुमारे ७० टक्के कर्करोगांचे कारणत्व जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या विषाणूच्या चाचणीस अग्रक्रम दिला. तिचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, हा तिचा विशेष गुण.

उस्मानाबादचा दाखला

या तिन्ही चाचण्यांची तुलना महाराष्ट्राच्याच ग्रामीण भागात झाली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. ग्रामसमूहांचे चार गट केले: तिघांत एकेक चाचणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी न मिळालेल्या या चौथ्या गटावरून पुढे नैतिक स्वरूपाचा वादही झाला.

या अभ्यासातील आकड्यांवरून अस्वाभाविक निष्कर्षाचा अर्थ जितका स्पष्ट होतो तितका अन्य कशानेही होणार नाही. ॲसेटिक आम्लाच्या चाचणीत सुमारे १४ टक्के, पेशीपरीक्षणात ७ टक्के आणि विषाणूच्या चाचणीत १०.३ टक्के स्त्रियांचा निष्कर्ष अस्वाभाविक आला. परंतु उच्च दर्जाचे कर्करोगपूर्व विकार प्रत्यक्षात अनुक्रमे ०.७, १.० आणि ०.९ टक्के स्त्रियांतच आढळले. हजार स्त्रियांचा हिशेब मांडला तर असे दिसते की, आम्लाच्या चाचणीने १४० जणींना बाजूस काढले आणि त्यांतील सातजणींत असा विकार होता. पेशीपरीक्षणाने ७० जणींना काढले व दहाजणींत तो होता. विषाणूच्या चाचणीने १०३ जणींना काढले व नऊजणींत तो होता. प्रत्यक्ष कर्करोग झालेल्या स्त्रिया याहूनही थोड्या होत्या. म्हणजे आम्लाच्या चाचणीत पांढरा डाग दिसलेल्या वीसजणींपैकी सुमारे एकोणीसजणींस त्या वेळी गंभीर विकार नव्हता. घाबरलेल्या स्त्रीस सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट होय.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, विषाणूची चाचणी दिलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. पुढच्या अवस्थेस गेलेले रोगी अनुक्रमे ३९ व ८२ होते. तात्पर्य, वीसातल्या त्या एकीला शोधण्यासाठी उरलेल्या एकोणीसजणींना बोलावणे हा व्यर्थ खटाटोप नाही. शिवाय, विषाणूच्या चाचणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, अन्य दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोगाचे प्रमाण चौपटीहून अधिक आढळले. निर्दोष निष्कर्षाचेही मोल सर्वत्र सारखे नसते, हा त्याचा अर्थ.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या व अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी आम्लाची चाचणी केली. बारा वर्षांअखेर या कर्करोगाच्या मृत्यूंत ३१ टक्के घट दिसून आली. साधी चाचणीही नियमाने व पाठपुराव्यासह झाली तर प्राण वाचविते, हे यावरून सिद्ध होते.

कर्करोगेतर कारणे

मग उरलेल्या स्त्रियांत अस्वाभाविकता कशामुळे दिसते? कारणे अनेक आहेत. योनीमार्गाचा दाह हे सर्वांत सामान्य. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परोपजीवी, कँडिडा ही बुरशी आणि विविध जीवाणू यांमुळे पेशींना सूज येते, केंद्रके मोठी दिसतात, आणि आम्ल लावल्यावर पृष्ठभाग ठिकठिकाणी पांढरा होतो. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या अभावी अस्तर विरते व पेशींचे रूप पालटते. नुकतेच झालेले बाळंतपण, गर्भाशयात बसविलेली तांबी, मुखावरील साधा मांसांकुर, यांमुळेही तसे होते. नमुना अपुरा पडला किंवा रक्ताने झाकला गेला तर ‘परीक्षणास अयोग्य’ असा शेरा येतो; तो रोगाचा शेरा नव्हे, नमुन्याचा आहे.

मोखाड्यासारख्या भागात आणखी एका कारणाची आठवण ठेवणे उचित ठरेल. फोलेट या जीवनसत्त्वाच्या कमतरतेत शरीरातील झपाट्याने विभागणाऱ्या पेशी आकाराने वाढतात. रक्तपेशींतील हा बदल सर्वांस ठाऊक आहे. परंतु गर्भाशयमुखाच्या पेशींतही तो होतो आणि काचपट्टीवर तो कर्करोगपूर्व बदलासारखा भासू शकतो. जेथे कुपोषण व बाळंतपणांतील रक्तक्षय यांचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे, तेथे परीक्षकाला स्त्रीची ही पार्श्वभूमी कळविणे उपयुक्त असते. क्षयरोगानेही क्वचित् गर्भाशयमुखावर कर्करोगासारखी दिसणारी जखम होते. तिचा निर्णय ऊतीचा तुकडा तपासल्याखेरीज होत नाही.

विषाणूचा संसर्ग आणि त्याचे अर्थ

विषाणूची चाचणी सदोष आली तर काय समजावे? हा संसर्ग शारीरिक संबंधातून येतो, आणि तो इतका सर्वसामान्य आहे की बहुसंख्य स्त्रीपुरुषांस आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतोच. दहांपैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच नाहीसे करते. जे टिकतात त्यांतील काहींपासून पूर्वावस्था, आणि तिच्यातील काहींपासून कर्करोग होतो. या प्रवासास सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. एच.आय.व्ही. बाधित स्त्रीत तो निम्म्याहून कमी काळात होऊ शकतो, व तिला या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. धूम्रपान, अनेक बाळंतपणे आणि कोवळ्या वयात आरंभ झालेले शरीरसंबंध ही सहायक कारणे मानली जातात.

येथे एका सामाजिक अनर्थाचा उल्लेख करणे अपरिहार्य आहे. संसर्ग संबंधातून येतो एवढे अर्धे वाक्य ऐकून स्त्रीच्या चारित्र्यावर संशय घेतला जाणे शक्य असते. शास्त्राचा त्यास काडीचाही आधार नाही. हा विषाणू अनेक वर्षे सुप्तावस्थेत राहू शकतो. तो कोणाकडून व केव्हा आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. आणि एकनिष्ठ स्त्रीस तो पतीकडून मिळणे सहज शक्य असते. निष्कर्ष सांगणाऱ्याने हे उरलेले अर्धे वाक्य पहिल्या अर्ध्याबरोबरच सांगितले पाहिजे.

दर्जा आणि त्यांचे महत्त्व

पेशीपरीक्षणाच्या अहवालांची भाषा एकसारखी व्हावी म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे एक पद्धती ठरली. तीनुसार काही बदल ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून नोंदले जातात, काही ‘कनिष्ठ दर्जाचे’ तर काही ‘उच्च दर्जाचे’ म्हणून. कनिष्ठ दर्जाचे बदल बहुधा विषाणूच्या ताज्या संसर्गाचे द्योतक असतात आणि त्यांतील बरेचसे आपोआप मावळतात. त्यांच्या बाबतीत ठराविक अवधीने पुनर्तपासणी पुरते. उच्च दर्जाच्या बदलांत मात्र वाट पाहणे युक्त नाही. भिंगातून परीक्षण, आवश्यक तर ऊतीचा तुकडा, आणि पूर्वावस्था निश्चित झाल्यास तो भाग गोठवून, उष्णतेने किंवा विद्युत्‌तारेने काढून टाकणे, हा क्रम आहे. यासाठी गर्भाशय काढावे लागते ही समजूत बहुतांशी चुकीची आहे.

वाट पाहिल्याने काय होते याचा दुःखद पुरावा न्यूझीलंडमध्ये मिळाला. ऑकलंडच्या राष्ट्रीय स्त्री-रुग्णालयात १९६६ पासून हर्बर्ट ग्रीन या वैद्यांनी, सर्वांत उच्च दर्जाची पूर्वावस्था असलेल्या अनेक स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता त्यांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. १९८७ मध्ये दोन लेखिकांनी एका मासिकात ते उघडकीस आणल्यावर न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी झाली व १९८८ मध्ये अहवाल आला. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपुरे उपचार झालेल्या अशा स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांस तीस वर्षांत कर्करोग झाल्याचे दिसले. योग्य उपचार झालेल्यांत हेच प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. या दोन आकड्यांतील अंतर हेच पाठपुराव्याचे मोल होय. त्याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे: त्या स्थितीतही दोनतृतीयांशांहून अधिक स्त्रियांस कर्करोग झाला नाही. म्हणजे उच्च दर्जाचा निष्कर्षही मृत्युलेख नव्हे. परंतु कोणत्या स्त्रीचा विकार पुढे जाईल हे आधी सांगता येत नसल्याने उपचार सर्वांनाच करावा लागतो.

मोखाड्याचा प्रश्न

आता या ज्ञानाचा मोखाड्याच्या परिस्थितीशी मेळ घालून पाहावा. ऑक्टोबरात घेतलेल्या नमुन्याचा अहवाल काही आठवड्यांनी आला, तोपर्यंत ती स्त्री भट्टीवर गेलेली असू शकते. अहवाल दप्तरात आणि स्त्री भिवंडीत, अशी स्थिती झाली तर उत्तम चाचणीही निष्फळ ठरते. ज्या वीसजणींतील एकीसाठी सारी योजना आहे ती एकच नेमकी हाती न लागण्याची शक्यता अशा वेळी वाढते. म्हणून अशा भागात चाचणीची निवड केवळ तिच्या अचूकपणावर करता येत नाही. निष्कर्ष व उपचार यांमधील अंतर किती, हाही निकष लावावा लागतो. आम्लाची चाचणी कमी अचूक असूनही तिचे उत्तर त्याच दिवशी मिळते, आणि योग्य स्त्रियांत विजेरीवर चालणाऱ्या उष्णतायंत्राने त्याच भेटीत उपचारही करता येतो. गोठविण्याच्या पद्धतीस लागणारी वायूची नळकांडी घाटरस्त्याने नेणे त्या मानाने अवघड. उलटपक्षी, पाळी गेलेल्या स्त्रियांत परिवर्तनाचा पट्टा नलिकेच्या आत सरकत असल्याने आम्लाच्या चाचणीस तो दिसत नाही. त्यांच्यासाठी विषाणूची चाचणीच अधिक योग्य. तिचा नमुना स्वतः घेता येत असल्याने, परीक्षणाच्या संकोचामुळे मागे राहणाऱ्या स्त्रियांपर्यंतही ती पोचू शकते.

दुसरा प्रश्न भाषेचा. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात एच.आय.व्ही.शी जोडला जाण्याचा संभव असतो, आणि ‘खराबी निघाली’ या शब्दांनी कर्करोगाची भीती उभी राहते. त्यापेक्षा ‘पिशवीच्या तोंडावर एक जागा नीट पाहायची आहे, बहुतेक बायकांत ती साधी सूज निघते, पण पाहिल्याशिवाय सोडायची नाही’ एवढे वाक्य आशा कार्यकर्तीने त्या स्त्रीच्या बोलीत सांगितले तर ते अधिक खरे व अधिक उपयोगी ठरेल. त्यासोबत तीन गोष्टी निश्चित कळवाव्या लागतात: पुन्हा कोठे यायचे, कोणत्या दिवशी, आणि स्थलांतर करावयाचे झाल्यास कोणते कागद बरोबर ठेवायचे. अहवालाची एक प्रत स्त्रीच्या स्वतःच्या हाती असणे ही लहानशी व्यवस्था आहे; परंतु दवाखाना बदलला तरी धागा तुटू नये यासाठी तिची आवश्यकता मोठी आहे.

तपासणीचा कालखंडही स्थानिक जीवनक्रमास धरून ठरविता येईल. कुटुंबे गावी असतात ते महिने पावसाचे व शेतीच्या कामाचे. तथापि भाताची लावणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ असा असतो की, पहिली तपासणी व आवश्यक ती दुसरी भेट या दोन्ही गोष्टी स्त्री गावी असतानाच पुऱ्या होऊ शकतात. ज्यांची दुसरी भेट राहील त्यांची नावे ते ज्या तालुक्यात जाणार तेथील आरोग्य केंद्रास कळविणे हा त्यापुढील टप्पा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या रोगाच्या निर्मूलनासाठी जे लक्ष्य ठेवले त्यात तीन आकडे आहेत. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींस पंधरा वर्षांच्या आत लस मिळावी, ७० टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या व पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तपासणी व्हावी, आणि विकार आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांस उपचार मिळावेत. लशीच्या बाबतीत पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या भारतीय लशीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. पहिले दोन आकडे मोजण्यास सोपे आहेत, कारण टोचलेल्या सुया व केलेल्या चाचण्या मोजता येतात. तिसरा आकडा मात्र अस्वाभाविक निष्कर्ष आलेली प्रत्येक स्त्री पुन्हा दारात आली की नाही यावर ठरतो. ती येण्यासाठी रस्ता, वाहन व यंत्र लागते तसेच तिला मिळालेल्या निरोपाचा खरा अर्थही लागतो. आणि यांपैकी अर्थ पोचविण्यास खर्च सर्वांत कमी येतो.